नारळी पौर्णिमा की गोकुळाष्टमी? – पावसाळी कोकणसहलीचा हिशेब

कोकणच्या किनाऱ्याची सहल म्हटली की दिवाळी, नाताळ किंवा मे महिना हे ठरलेलेच. त्या दिवसांत अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत राहायला खोली मिळणे कठीण. श्रावणात मात्र तेच किनारे मोकळे असतात, खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि एरवी करडे दिसणारे डोंगर हिरवेगार झालेले असतात. म्हणून हल्ली पुष्कळ कुटुंबे ऐन पावसाळ्यात मोटार घेऊन किनाऱ्याने हिंडायला निघतात. रस्ता, मुक्काम आणि खर्च यांचा विचार घरातील मोठी माणसे करतात. समुद्राचे वेळापत्रक मात्र सहसा कोणी पाहत नाही. ते काम तुम्ही अंगावर घ्या. त्याचे साधन तुमच्या भिंतीवर टांगलेलेच आहे: तिथी दाखवणारी दिनदर्शिका.

समजा, पुण्याहून ताम्हिणी घाटाने हरिहरेश्वरला उतरायचे, तेथून बागमांडल्याला जंगलजेटीत मोटार चढवून पलीकडे वेसवीला जायचे आणि पुढे केळशी, आंजर्ले करीत दापोली गाठायची, असा बेत आहे. दिवस दोन सुचले आहेत. एक नारळी पौर्णिमेच्या सुमाराचा आणि दुसरा त्यानंतर आठवड्याने येणाऱ्या गोकुळाष्टमीचा. कोणता बरा?

किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी.

हे गणित जुळते कसे? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकण्याचा काळ. पृथ्वी स्वतःभोवती एका तासात १५ अंश फिरते. म्हणजे १२ अंशांची भरपाई करायला तिला १२ भागिले १५ तास, अर्थात ४८ मिनिटे जास्त फिरावे लागते. तिथीगणिक भरती तेवढी उशिरा येते. जुन्या हिशेबात ४८ ऐवजी ४५ मिनिटे धरली आहेत, कारण पाऊणपट तोंडी करता येते. ही तीन-तीन मिनिटांची तूट साठत जाते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, पण मुंबईला पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास असते. रत्नागिरीकडे ती मुंबईच्या थोडी आधी येते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सोडला, तर कागद-पेन्सिलीवाचून होणारा इतका सोपा हिशेब दुसरा नाही.

आता आपले दोन दिवस ताडून पाहू. नारळी पौर्णिमेला भरती दुपारी बाराला आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. गोकुळाष्टमीला नेमके उलट: भरती सहाला, ओहोटी दुपारी.

फरक केवळ वेळेचा नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत येतात, सूर्य व चंद्र यांच्या ओढी एकमेकींना मदत करतात आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीला त्या ओढी काटकोनात असतात. तेव्हाच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक फरक असतो. भांगाच्या दिवसांत तो दीड मीटरापर्यंत उतरतो. दक्षिणेकडे जावे तसा हा फरक कमी होत जातो.

आपल्या मुक्कामी उधाणाचा फरक ३ मीटर आहे असे धरू. सहा तासांत ३ मीटर, म्हणजे तासाला अर्धा मीटर, असे तुम्ही म्हणाल. पण पाणी असे सारख्या वेगाने चढत नाही. त्याचा आलेख ज्या-वक्रासारखा असतो: सुरुवातीला आळशी, मध्ये वेगवान, शेवटी पुन्हा आळशी. दर्यावर्दी लोक एकूण चढाचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन आणि एक. म्हणजे तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मे पाणी चढते.

येथे भूमितीची गाठ पडते. आपल्याकडील सपाट पुळणींचा उतार फार कमी असतो. ५० मीटर चालावे तेव्हा एक मीटर चढ, असा उतार धरा. उधाणाच्या तिसऱ्या तासात पाणी ३ चे तीन-बारांश, म्हणजे पाऊण मीटर चढते. पुळणीवर मात्र ते साडेसदतीस मीटर आत येते, आणि पुढच्या तासात आणखी तितकेच. संध्याकाळी सहाला ओहोटीच्या कडेशी मोटार उभी करून मंडळी गावात जेवायला गेली, तर रात्री दहापर्यंत शंभर मीटर वाळू पाण्याखाली गेलेली असते. ओलसर वाळूत कणांमधले पाणी पृष्ठताणामुळे कणांना धरून ठेवते, म्हणून ती फरशीसारखी टणक लागते. तीच वाळू पाण्याने पूर्ण भरली, की ही पकड जाते आणि चाक जितके फिरवावे तितके खोल रुतते. पुळणीवर मोटार नेऊच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. हौस म्हणून तर मुळीच नाही.

लाटांची गोष्ट याहून गंभीर आहे. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिवाळ्यात अर्ध्या मीटरची लाट घोट्याशी खेळते. पावसाळ्यातली तीन मीटरची लाट तिच्या सहापट उंच, म्हणून ऊर्जेने छत्तीसपट. शिवाय दूरवरच्या वादळांत जन्मलेल्या वेगवेगळ्या लाटमाला एकमेकींत मिसळतात. त्यांचे उंचवटे जुळले की मधूनच एखादी लाट इतरांपेक्षा पुष्कळ मोठी येते. पाच मिनिटे पाहून ‘येथपर्यंतच पाणी येते’ असे ठरवणारा मनुष्य म्हणूनच फसतो. हरिहरेश्वरच्या डोंगराला समुद्राच्या बाजूने वळसा घालणारा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून जातो. तो एरवीही ओहोटीलाच चालता येतो. अष्टमीच्या दुपारी ओहोटी असली, तरी ती भांगाची. पाणी पौर्णिमेइतके मागे हटत नाही. तेव्हा श्रावणात तो मार्ग सोडूनच द्यावा. लाटांनी खडकात कोरलेली मधाच्या पोळ्यासारखी जाळी हिवाळ्यात जाऊन पाहता येईल. पुळणीवर दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादी पट्टी शांत दिसली, तर तेथे पोहायला उतरू नका. किनाऱ्यावर चढलेले पाणी बहुधा तेथूनच वेगाने परत समुद्रात जात असते. या दिवसांत पाणी पाहण्यासाठी, पोहण्यासाठी नव्हे.

भरतीचा संबंध केवळ पुळणीशी नाही. कोकणातल्या नद्या आखूड आणि त्यांची मुखे म्हणजे भरतीच्या खाड्या. वर मुसळधार पाऊस आणि खाली खाडीत भरती, अशी गाठ पडली तर पुराला उतरायला वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. अतिवृष्टी हे मुख्य कारण खरेच, पण भरतीने निचऱ्याची वाट अडवली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगराचा भाग कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. मातीत मुरलेले पाणी उताराचे वजन वाढवते आणि कणांमधील घर्षण घटवते. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. म्हणून हवामान खात्याने नारिंगी किंवा तांबडा इशारा दिला असेल, तर तिथी कोणतीही असो, घाट उतरू नये. खोलीची आगाऊ रक्कम गेली तर जाऊ द्या.

घर्षण कमी झाले की गाडी थांबायलाही वेळ लागतो. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला तर उत्तर सुमारे २० मीटर येते, ओल्याचा ०.४ धरला तर ३५. त्यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदाचे १७ मीटर मिळवा. वेग ४० वर आणला, तर ओल्या रस्त्यावरही ब्रेक लागल्यापासून १६ मीटर पुरतात. हे गणित मागच्या आसनावर बसून करा आणि गाडी चालवणाऱ्याला वळणावर नव्हे, चहाला थांबल्यावर सांगा.

तेव्हा दोहोंत गोकुळाष्टमीचा बेत बरा. पाण्याची चढउतार लहान, दुपारी पुळण मोकळी, खाड्यांचा निचराही सोपा. दुसऱ्या दिवशी दहीहंडीची गर्दी रस्त्यात भेटेल, तेवढे सोसावे. नारळी पौर्णिमेचा सोहळा पाहायचाच असेल तर कोळीवाड्याच्या धक्क्यावरून पाहा. तो तेथेच शोभतो. जाण्यापूर्वी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा इशारा पाहा आणि जंगलजेटी चालू आहे ना, शेवटची फेरी किती वाजता, हे मुक्कामाच्या घरमालकांना दूरध्वनीवर विचारा. फेरी बंद असली तर खाडीला फार मोठा वळसा पडतो.

जंगलजेटीची वाट पाहताना एक प्रयोग करता येईल. धक्क्यावर सुरक्षित जागी उभे राहून पाण्याबाहेर दिसणाऱ्या पायऱ्या मोजा आणि वेळ टिपून ठेवा. परतीला पुन्हा मोजा. मुक्काम खाडीकाठी असेल तर दर अर्ध्या तासाने मोजून आलेख काढा. बारा भागांचा नियम तुमच्या धक्क्याला कितपत लागू पडतो ते दिसेल. मात्र दोन दिवसांचे आलेख एकमेकांवर ठेवताना दुसऱ्या दिवसाचा सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकवायला विसरू नका.