हँडल, हलर आणि उकडे तांदूळ

संपादकांना अंकासाठी जुना ट्रॅक्टर हवा होता. मालवणला निघालायस तर एखादा शोध, म्हणाले. पण सिंधुदुर्गात जुना ट्रॅक्टर शोधणं म्हणजे देशावर माड शोधण्यासारखं. उतारावरचे कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, इतके लहान की बैल वळवायलाही जागा बेताची. इथं नांगरटीला यंत्र आलं ते पॉवर टिलरच्या रूपानं, तेही उशिरा. त्याआधी शेतकऱ्यापर्यंत पोचलेलं यंत्र शेतात नव्हतं, भातगिरणीत होतं. तसं एक कट्टा गावाच्या बाजूला, चिऱ्यांच्या भिंतींच्या गिरणीत अजून धडधडतं. मी तिथंच रमलो.

इंजिन लिस्टर धाटणीचं. इंग्लंडातल्या डर्स्ली गावी रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी 1867 मध्ये कारखाना काढला. त्यांच्या कंपनीचं ‘सीएस’ म्हणजे कोल्ड स्टार्ट इंजिन 1930 च्या सुमारास बाजारात आलं आणि 1987 पर्यंत तिथं बनत राहिलं. लान्झ बुलडॉगसारख्या जुन्या जर्मन ट्रॅक्टरचं डोकं आधी ब्लोलॅम्पनं तापवावं लागे. इथं ती कटकट नव्हती. आराखडा इतका साधा की राजकोटच्या कारखान्यांनी तो उचलला आणि मूळ कारखान्यात उत्पादन थांबल्यावरही बनवत राहिले. कट्ट्याबाजूचं इंजिन राजकोटचंच.

गिरणवाल्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते आधी तेलाची कुपी घेऊन वरच्या रॉकरवर दोन थेंब सोडतात. मग एक तरफ उचलतात. त्यानं धुराचा व्हॉल्व उघडा राहतो, दाब तयार होत नाही, आणि दोन्ही जड फ्लायव्हील हातानं फिरवता येतात. हँडल हळू, मग जोरात. वेग आला की तरफ सोडायची. एक ठोका, काळ्या धुराची फुंक, आणि मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची ती संथ ठकठक सुरू.

मी हँडलला हात घातला तर अण्णांनी बाजूला केलं. “हँडल मारूक ताकद नको, येळ कळाक होई.” इंजिन पकडतं त्या क्षणी हँडल सोडवून घ्यावं लागतं; धरून राहिलात तर मनगट गेलं. थंड करायला पाण्याचं पिंप आहे, पण पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली उतरतं. चामडी पट्टा घसरला तर अण्णा त्यावर राळेचा खडा फिरवतात.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला हलर. हे यंत्र एंगेलबर्ग नावाच्या ब्राझीलच्या माणसानं 1880 च्या दशकात काढलं. ओतीव लोखंडाच्या कवचात खाचांचा रूळ फिरतो, बाजूला पोलादी पातं, खाली जाळी. दाणे रुळावर, पात्यावर आणि एकमेकांवर घासून सोलले जातात. पातं किती जवळ आणायचं ते मोजायला काही साधन नाही. अण्णा मूठभर तांदूळ तळव्यावर चोळतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि बोल्ट पाव आटा फिरवतात. भात संपत आलं की इंजिन हलकं होतं. हे ते पाठमोरे असतानाही ओळखतात. मला यंत्रापेक्षा हे कानच जास्त जुने आणि जास्त दुर्मिळ वाटले.

तज्ज्ञ हलरवर नाराज होते, आणि त्यांचं खोटं नव्हतं. तूस आणि कोंडा एकत्र दळला जातो, कण्या फार पडतात. 1958 च्या कायद्यानं भातगिरणीला परवाना सक्तीचा झाला. तो कायदा 1997 मध्ये रद्द झाला. तज्ज्ञ नाराज असले तरी कोकणात हलर टिकला तो पेजेमुळे; पेजेला लागतो उकडा तांदूळ. उकडा तांदूळ करायला भात भिजवून, उकडून, वाळवतात. त्यात दाण्यातलं पिष्ट घट्ट होतं, तडे सांधले जातात आणि हलरचा मार तो दाणा सोसतो. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाच्या कण्या होतात तिथं उकडा अखंड निघतो. मिसळलेला कोंडा गुरांना जातो. घिरटाच्या जात्यावर भरडणाऱ्या आणि व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळ घालणाऱ्या बायकांचे खांदे या गिरणीनं वाचवले, हा हिशेब तज्ज्ञांनी मांडला नाही.

आता अडचणी. डिझेल परवडत नाही. विजेच्या मोटरवर चालणारी छोटी गिरण लोक घरातच ठेवतात. अण्णांच्या हाताखाली कोणी नाही. सुटे भाग अजून मिळतील, पण भातच कमी येतं. मजूर नाहीत म्हणून कुणगे पडीक, उरलेल्यांत गवे, डुकरं आणि माकडं. दोडामार्गाकडं तर 2002 पासून हत्तीही. वर्षभर चालणारी गिरण आता भातझोडणीनंतरचे थोडे महिने चालते, आणि बंद राहिलेलं इंजिन गंजतं.

चौथऱ्यावर रंग लावून ठेवलेलं यंत्र मला अर्धंच वाटतं. तरी भंगारापेक्षा ते बरं. तुमच्या गावची गिरण बंद पडली असेल तर किलोवर विकण्याआधी ती चालवणाऱ्याला बोलतं करा, पात्याची आणि पट्ट्याची गोष्ट लिहून घ्या, मग जवळच्या शाळेला किंवा वाचनालयाला विचारा. आणि देताना हँडल विसरू नका. आधी तेच हरवतं.