धबधब्याचें पाणी एकाएकीं कां वाढतें?

पावसाळ्यांत आईवडिलांसह आंबोलीच्या घाटांत गेलां, म्हणजे घनदाट अरण्य, धुकें आणि धबधबे पाहून मन प्रसन्न होतें. परंतु तेथील हवेचा भरंवसा नसतो. आपल्या डोक्यावर ऊन असतांनाही पाणी एकाएकीं वाढतें, तें कां?

सह्याद्रीचा माथा पुष्कळ ठिकाणीं खडकाळ असून मातीचा थर पातळ असतो. संततधारेनें तो भिजला, कीं पुढील सरींचें पाणी न मुरतां अनेक ओहोळांनीं एका अरुंद घळींत उतरतें. म्हणून दूर माथ्यावरील पावसाचा लोंढा खालीं थोड्याच अवधींत येऊन पोहोंचतो. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत चार मुलें होतीं.

यास्तव आकाशापेक्षां पाण्याकडे अधिक लक्ष ठेवावें. निवळ पाणी गढूळ झालें, काटक्या व पालापाचोळा वाहून येऊं लागला, किंवा गर्जना वाढली, कीं सामानाचा मोह सोडून तत्काळ जवळच्या कांठावर उंच जावें. प्रवाह ओलांडूं नये. पालकांनींही प्रवाहाच्या मध्यभागींच्या खडकावर मुलांस नेऊं नये.

धबधब्याची शोभा कांठावरूनही उत्तम दिसते. सहलीस जितके निघाले, तितके सर्व सुखरूप घरीं परत यावे, हेंच महत्त्वाचें.