तारकांचा उजेड साठवताना

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत कॅमेऱ्याविषयी लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हां मुलांना थंडीच्या रात्री शाळेच्या गच्चीवर बोलावून नक्षत्रे दाखवीत, हे आमच्या पिढीस ठाऊक आहे. त्या गच्चीवरून तेव्हा आकाशगंगेचा पट्टा दिसत असे. आज इंदूर शहराच्या मध्यभागातून तो दिसत नाही, आणि आता शाळेत शिकणाऱ्या बहुतेक मुलांनी तो कधी पाहिलेलाच नाही. शिवाय वय वाढले की डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी विस्फारत नाही, त्यामुळे आम्हां वृद्धांचे आकाशही आक्रसलेले असते. शहराचा झगमगाट आणि मंदावलेली नजर या दोन्ही अडचणींवर डिजिटल कॅमेरा बऱ्याच अंशी मात करू शकतो. तो कसा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

डोळा उजेड साठवीत नाही. क्षणाच्या लहानशा अंशात आलेल्या प्रकाशावर तो चित्र बनवतो, आणि पुढच्या अंशात पाटी कोरी करतो. कॅमेऱ्यातील संवेदक मात्र उजेड साठवतो. पावसाळ्यात पागोळ्यांखाली आपण भांडी मांडून ठेवतो, तशी लक्षावधी सूक्ष्म भांडी त्यावर मांडलेली असतात. प्रकाशाचा कण पडला की तेथे विद्युत्कण मोकळा होतो; शटर मिटले की कोणत्या भांड्यात किती जमले याची मोजदाद होते. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत या जातीची पहिली रचना कल्पिली, आणि २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आजच्या कॅमेऱ्यांतील संवेदक बहुधा निराळ्या घडणीचा असतो; तत्त्व तेच.

येथे परिभाषेविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. शटर, लेन्स, फोकस, आयएसओ यांना संस्कृत प्रतिशब्द घडवता येतील, पण दुकानदारापासून नातवापर्यंत कोणालाही ते कळणार नाहीत. मी रूढ शब्दच वापरतो.

आरंभासाठी दुर्बीण नको. शटरचा काळ, अ‍ॅपर्चर आणि फोकस हाताने ठरवू देणारा कोणताही कॅमेरा, जुना विकत घेतलेलाही चालेल, आणि त्यासोबत भक्कम ट्रायपॉड एवढे पुरे. पैसे वाचवायचेच तर कॅमेऱ्यात वाचवावेत, ट्रायपॉडमध्ये नव्हे. डगमगत्या पायांवर उत्तम लेन्सही निरुपयोगी ठरते. चित्रे जेपेगऐवजी रॉ स्वरूपात साठवावीत, कारण त्यात संवेदकाने मोजलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे राहतात.

पहिले लक्ष्य म्हणून मी मृग नक्षत्र सुचवीन. डिसेंबर ते मार्च या काळात, माळव्याचे आकाश निरभ्र असताना, ते संध्याकाळनंतर सोयीच्या उंचीवर असते. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यावयास नको. लोकमान्य टिळकांचा १८९३ चा ‘ओरायन’ हा ग्रंथ याच नक्षत्राच्या नावाचा. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे, त्या रेषेत खाली झगझगणारा व्याध, तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य ही सारी मंडळी एकाच चौकटीत मावतात. बाणाच्या दक्षिणेस जो अंधुक ठिपका दिसतो, तो तारा नव्हे, तारे जन्मास घालणारा वायूचा मेघ आहे. त्याचे अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षे. म्हणजे आज आपल्या भांड्यात पडणारा कण बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघाला. मराठीचा ज्ञात असा पहिला शिलालेख तेव्हा कोरला जावयाचा होता.

आता खरी अडचण. पृथ्वी फिरते, म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात. बाणाचे तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने त्यांची गती सर्वांत अधिक भरते. २० सेकंदांत ते चंद्रबिंबाच्या सहाव्या हिश्श्याइतके सरकतात आणि चित्रात ठिपक्याऐवजी रेघ उमटते. यासाठी छायाचित्रकारांत एक ढोबळ हिशेब रूढ आहे: ५०० या संख्येस लेन्सच्या नाभीय अंतराने भागावे, येतील तितके सेकंद शटर उघडे ठेवावे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात ते अंतर आधी दीडपट धरावे. १८ मिलिमीटरच्या लेन्सला यावरून १८ सेकंद मिळतात, ५० मिलिमीटरला जेमतेम सहा. हा हिशेब फिल्मच्या काळातील उदारपणाचा आहे. आजचे संवेदक इतके बारीक आहेत की निम्माच काळ ठेवावा, असे माझे मत आहे.

अ‍ॅपर्चर जवळजवळ पूर्ण उघडे आणि आयएसओ १६०० ठेवावे. आयएसओ वाढवल्याने उजेड अधिक जमतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. भांड्यात पडले तेवढेच पडते, फक्त मोजमाप मोठ्या आवाजात वाचले जाते. फोकस यंत्रावर सोपवू नये, आणि लेन्सवरील अनंताच्या खुणेवरही विसंबू नये. पडद्यावर व्याध मोठा करून पाहावा, तो सर्वांत लहान दिसेल तेथे थांबावे आणि कडे चिकटपट्टीने पक्के करावे. शटर बोटाने दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

असे एक चित्र पाहून निराशा होते. ते करडे आणि कणीदार असते. पण अशी ६४ चित्रे घेऊन संगणकावर एकमेकांवर बसवली की तारे कायम राहतात आणि कण परस्परांना पुसू लागतात. सुधारणा चित्रसंख्येच्या वर्गमुळाने होते. ६४ चित्रांनी आठपट. प्रत्येकी १० सेकंद धरल्यास ही अवघी पावणेअकरा मिनिटांची साठवण. डीप स्काय स्टॅकर हा प्रोग्रॅम हे काम विनामूल्य करतो. त्यालाच जोडून लेन्सवर झाकण लावून, तितक्याच काळाची १५-२० काळी चित्रे तेथल्या तेथे घ्यावीत. संवेदक उष्णतेनेही थोडे विद्युत्कण सोडतो. तो खोटा उजेड किती, हे त्या काळ्या चित्रांतून कळते आणि वजा करता येते.

पुढील संस्कार कोठवर करावेत, याविषयी मी काहीसा कर्मठ आहे. शहराचा पिवळट उजेड वजा करणे, मंद भाग उजळणे, हे रास्त. जे भांड्यात पडलेच नाही ते रंगवणे ही लबाडी. मृगातील मेघ प्रत्यक्षात पुष्कळ तांबडा आहे, परंतु साध्या कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश बराचसा अडवते, म्हणून आपल्या चित्रात तो गुलाबी उतरतो. उतरू द्यावा.

गच्चीवर हे सर्व साधते. अमावास्येच्या आसपास महू ओलांडून मांडवाच्या वाटेला जाता आले, तर तितक्याच मिनिटांत कितीतरी अधिक दिसेल. माळव्यात मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरते, म्हणून अधूनमधून ती तपासावी. विजेरीवर लाल जिलेटिन कागद बांधावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दुसरी खिशात उबेत ठेवावी. सूर्याकडे मात्र खास गाळणीवाचून कॅमेरा कधीही रोखू नये.

मुलांना सोबत घेतलेत तर त्यांच्या हाती एक वही द्या. तारीख, वेळ, स्थळ, लेन्स, शटरचा काळ, आयएसओ आणि किती क्रमांकापर्यंतची चित्रे झाकण लावून घेतली, हे तेथेच लिहून घ्यावे. संगणकापुढे बसल्यावर सारी काळी चित्रे सारखीच दिसतात.