कारखाना म्हणावे कोणास?

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असा शिक्का असतो व त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावावयाचा असतो, हा विनोद लोकलगाडीत दोन पिढ्या चालत आलेला आहे. विनोद शिळा झाला. परंतु ह्याच गावात ढिगांनी शिवल्या जाणाऱ्या जीन्सच्या विजारीचे कूळ शोधू गेल्यास त्यात थट्टेपेक्षा पुष्कळ अधिक सापडते. ही विजार मूळची अमेरिकेतील मजुरांची. बव्हेरियातून तेथे गेलेला लेव्ही स्ट्रॉस नावाचा ज्यू व्यापारी आणि रीगाकडून गेलेला जेकब डेव्हिस नावाचा शिंपी, ह्या दोघा परदेशस्थांनी खिशांच्या कोपऱ्यांस तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट १८७३ च्या मे महिन्यात घेतले, आणि खाणीत राबणाऱ्यांचे कपडे टिकू लागले. आज तीच विजार सिंधमधून उखडल्या गेलेल्या लोकांनी उभारलेल्या कारखान्यांत उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेली तरुण मुले शिवीत असतात. ह्या दीडशे वर्षांत विजारीचा कापड-धागा फारसा बदलला नाही. बदलला तो कारखाना. आणि तो बदल आमच्या कायद्याच्या नजरेस अजून नीट आलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतील कारखानदारीचा आरंभ फार लहान होता. सॅम्युअल स्लेटर नावाच्या इंग्रज कारागिराने सूत कातण्याची विद्या डोक्यात साठवून नेली व १७९० साली पॉटकेट गावी ती चालू केली. त्याचे पहिले मजूर म्हणजे मुले, बहुतेक सात ते बारा वर्षांची. पुढे १८२० नंतर मॅसॅच्युसेट्स प्रांतात मेरिमॅक नदीच्या काठी लॉवेल नावाचे गावच गिरण्यांसाठी वसले. आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली तेथे वसतिगृहांत राहात. पहाटे घंटा झाली की उठत, घंटा झाली की जेवत, घंटा झाली की दिवा मालवीत. रोज बारा-तेरा तास काम. मजुरी कमी केली तेव्हा १८३४ साली आणि वसतिगृहाचे भाडे चढविले तेव्हा १८३६ साली ह्याच मुली काम टाकून रस्त्यावर आल्या. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला, आयरिश लोकांचे लोंढे आले, आणि त्या मुलींच्या जागा हळूहळू त्यांनी घेतल्या. (ह्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेकडील गुलामांच्या रक्ताघामाचा होता, हे ज्यांना अमेरिकेचे गोडवे गावयाचे आहेत त्यांनी विसरू नये. १८६१ साली यादवी युद्ध पेटून तो कापूस अडला, तेव्हा कोठे आमच्या मुंबईच्या शेटजींचे नशीब उघडले.)

त्या घंटेने माणसे नाडली खरी. पण तिनेच ती एका छपराखाली आणली. पाचशे माणसे एका दाराने आत जातात तेव्हा त्यांस परस्परांची मजुरी कळते, संप करिता येतो, आणि सरकारी तपासनिसास कोठे जाऊन मोजावयाचे हेही कळते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांची सभा भरविली व १८९० साली रविवारची सुटी मिळविली, ती ह्याच कारणाने शक्य झाली.

आमच्या ठाणे जिल्ह्यातील ह्या पट्ट्यात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही लागोपाठची तीन स्थानके आहेत, आणि त्यांपैकी अंबरनाथ हे खरे लॉवेलच्या जातीचे. अकराव्या शतकातील शिवालयासाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावी १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने गंधकाम्लाचा कारखाना काढला. १९२२ साली सरकारने परदेशी काड्यापेट्यांवर जबर जकात बसविली. उद्देश असा सांगितला जाई की देशी धंदा वाढावा. झाले असे की, ज्या स्वीडिश मंडळींचा माल अडणार होता त्यांनीच भिंतीवरून अलीकडे उडी मारली व ‘विम्को’ काढून अंबरनाथेस काड्या करू लागले! जकातीच्या आडोशाने अमेरिकेने आपले कारखानदार पोसले. आमच्या परतंत्र देशात त्याच आडोशाला परकी भांडवल येऊन बसले. ते काही असो. विम्कोच्या भोंग्यावर अंबरनाथ वाढले आणि नाक्यास त्या कंपनीचे नाव पडले ते आजपर्यंत आहे. पुढे सरकारी शस्त्रसामग्रीचा कारखाना आला, औद्योगिक वसाहती आल्या. येथील कामगारास हजेरीपट होता, बिल्ला होता, फंड होता. भांडण झाले तर कोणाशी भांडावयाचे ते ठाऊक होते.

उल्हासनगरचा जन्म अगदी उलट्या रीतीने झाला. तेथे कारखान्याने माणसे बोलाविली नाहीत. माणसे आधी आली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने बांधलेल्या पाच छावण्यांत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांस उतरविण्यात आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तेथे नगराची पायाभरणी झाली. सिंध १९३६ पर्यंत आमच्याच मुंबई इलाख्याचा भाग होता. तरी ही माणसे येथे परकी ठरली. शिपायांच्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका कुटुंबाने संसार मांडला. त्याच पडद्याआड पापड लाटले गेले, मिठाई झाली, शिवणयंत्र आले. कोणापुढे हात न पसरता ह्या लोकांनी जपानी बाजार, गजानंद मार्केट व फर्निचरची पेठ उभी केली, हा पराक्रम सामान्य नव्हे, आणि त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण जे घर तेच दुकान आणि तोच कारखाना, ही त्या वेळची गरज पुढे धंद्याची रीत होऊन बसली. सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेत २०११ च्या शिरगणतीस ५,०६,०९८ माणसे भरली. निर्वासितांची मुले मालक झाली. पडद्याआडच्या यंत्रावर आता दुसऱ्या प्रांतातून आलेला मुलगा बसतो, नगावर मजुरी घेतो, आणि रात्री पुष्कळदा त्याच यंत्राखाली निजतो.

घर आणि कारखाना एक झाले म्हणजे काय होते, हे न्यूयॉर्क शहराने भोगलेले आहे. तेथे चाळींतल्या खोल्यांत ज्यू, इटालियन व बोहेमियन कुटुंबे कंत्राटदाराचे कापड शिवीत, विड्या वळीत. चाळीत सिगार करू नयेत असा कायदा १८८४ साली झाला, तो तेथील वरिष्ठ न्यायालयाने १८८५ साली जेकब्सच्या खटल्यात रद्द ठरविला. मनुष्याने आपल्या घरात काय करावे हे सरकारने का सांगावे, असा प्रश्न पुढे आला! स्वातंत्र्याची ही व्याख्या ऐकून घरमालकांस व कंत्राटदारांस किती संतोष झाला असेल, हे आम्ही वकिली केलेल्या माणसाने निराळे सांगावयास नको. २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कंपनीच्या कपड्यांच्या कारखान्यास आग लागली. दार कुलूपबंद होते. १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. मालक निर्दोष सुटले. त्यानंतर मात्र चौकशी-मंडळ बसले आणि काही वर्षांत कारखान्यांविषयी कित्येक नवे कायदे झाले.

आमचा १९४८ चा कारखाना कायदा चांगला होता. आठवड्यास ४८ तास, पगारी रजा, सुरक्षितता, सर्व काही त्यात आले. पण विजेवर चालणाऱ्या जागी दहा व विजेवाचून चालणाऱ्या जागी वीस माणसे असतील तरच त्याचे दार उघडे. दहावा माणूस नसला की कारखाना नाही! कलम ८५ अन्वये माणसांची संख्या न पाहता कोणत्याही जागेस कायदा लावण्याचा अधिकार राज्य सरकारास दिलेला होता. फक्त मालक व त्याचे कुटुंबच राबत असेल तेथे तो चालत नसे. म्हणजे किल्ली सरकारच्या खिशातच होती. ती सढळ हाताने वापरली असती तर आजचा प्रश्न पुष्कळ हलका झाला असता. उलट २०२० साली संसदेने जी नवी संहिता मंजूर केली तिने दहाचे वीस आणि वीसचे चाळीस केले. आमचे व्यापारी वाचक म्हणतील की लहान धंद्यास ही सवलत हवीच. कागदपत्रांची सवलत अवश्य द्यावी. आगीपासून पळण्याच्या वाटेची सवलत कशी द्यावयाची?

नोंद नसण्याचा घाला कोणावर पडतो ते वालधुनी नदीने दाखविले. अंबरनाथपलीकडील डोंगरांत उगम पावून, शिवालयाच्या पायाशी वाहून, उल्हासनगरातून ती कल्याणकडे उल्हास नदीस मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर तिच्या पात्रात कोणी रसायने ओतली आणि वडोलगावातील शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयात गेली. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींचा दंड ठोठावला, आणि पुढे न्यायालयांच्या आदेशांनंतर जीन्स धुणारे कारखाने बंद करण्यात आले. नदीसाठी ते योग्यच झाले. मालकाने यंत्रे उचलून दुसरी जागा पाहिली. पण त्या रंगीत पाण्यात उघड्या हातांनी उभा राहणारा मजूर कोणत्याच वहीत नव्हता. म्हणून त्यास ना नोटीस, ना भरपाई, ना त्वचेच्या रोगाचा औषधोपचार. न्यायालयापुढे नदीची बाजू मांडली गेली, धंद्याची मांडली गेली. मजुराची बाजू मांडावयास तो मजूर आहे हे आधी सिद्ध व्हावयास हवे होते.

बदलापूरचे दुःख निराळे आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडल्या, जागांचे भाव चढले, आणि पगारदार माणूस रुळाच्या कडेने मागे सरकत तेथवर आला. २००१ साली लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ साली १,७४,२२६ झाली. लॉवेलची मुलगी गिरणीच्या घंटेच्या टप्प्यात राहात होती. बदलापूरच्या माणसाचे जाण्या-येण्याचे तीन तास कोणत्याही कायद्यात कामाचे तास म्हणून धरलेले नाहीत. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहू.

उल्हासनगरापुरते बोलावयाचे तर काम अशक्य नाही. माणसे लपविता येतात, यंत्र लपत नाही. शिवणयंत्रास वीज लागते, विजेस मीटर लागतो, आणि मीटरवर नाव असते. महावितरणपाशी व्यावसायिक व औद्योगिक जोडण्यांची यादी आहे, महापालिकेपाशी मालमत्ता कराची आहे. दोन्ही याद्या एकत्र ठेवून प्रत्येक गाळ्यात कोण राबतो, बाहेर पडावयास दुसरे दार आहे की नाही, एवढे दोनच रकाने भरून घ्यावेत. आणि ज्या व्यापाऱ्याचे कापड त्या गाळ्यात कापले जाते त्याचे नाव तिसऱ्या रकान्यात लिहावे. हा तिसरा रकाना काहींस खुपेल. तोच आधी भरावा, अशी आमची आयुक्तांस व जिल्हाधिकाऱ्यांस सूचना आहे.