विजेच्या आकृत्या वाचावयास शिका

विहिरीवर विजेचा पंप बसविलेला बागाईतदार मोटारीची पावती जपून ठेवतो. परंतु स्टार्टरच्या झाकणामागे चिकटविलेल्या आकृतीकडे तो सहसा पाहत नाही. ती वायरमनसाठी आहे, असा त्याचा समज असतो. हा समज नुकसानीचा, प्रसंगी जिवावर बेतणारा आहे. ज्यास जमिनीचा नकाशा समजतो, त्यास या आकृत्याही समजतील. नेहमी आढळणाऱ्या तीन प्रकारांची माहिती येथे देत आहोत.

(१) एकरेषी आकृती : वीज तीन तारांनी येत असली तरी या आकृतीत त्या तिन्हींबद्दल एकच रेघ काढतात. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे म्हणजे रोहित्र, म्हणजेच आपली डीपी. तुटलेली तिरपी रेघ म्हणजे स्विच. वर्तुळातील 'एम' म्हणजे मोटार. ११,००० व्होल्टची वाहिनी, तिच्यावरील स्विच, रोहित्र, फ्यूज, आणि पुढे सुमारे ४१५ व्होल्टने पंपाकडे जाणारी तार, असा क्रम तीत दिसतो. फ्यूज रोहित्राच्या पुढे असल्याने तो काढला तरी रोहित्र व त्यावरील वाहिनी जिवंतच राहते, हे या आकृतीवरून तत्काळ ध्यानात येते. म्हणून फ्यूज घालण्यासाठी शेतकऱ्याने डीपीवर कदापि चढू नये. ते काम वीज कंपनीच्या वायरमनचेच होय.

(२) जोडणीची आकृती : कोणती तार कोणत्या खुंटीस जोडावयाची, हे ही आकृती दाखविते. तारा लाल, पिवळ्या व निळ्या रंगांनी ओळखतात. एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा म्हणजे भूसंपर्कन, अर्थात अर्थिंग. प्रत्यक्ष जोडणी या खुणेपाशी अपुरी असेल, तर मोटारीच्या पत्र्यात वीज उतरून धक्का बसण्याचा धोका असतो.

(३) नियंत्रण आकृती : स्टार्टर कसा चालतो, हे हिच्यात कळते. हिरवे बटण दाबले की गुंडाळीत वीज खेळते व ती संपर्क ओढून धरते. वीज गेली की गुंडाळी सुटते आणि मोटार थांबते. वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. पुष्कळ जण हिरवे बटण कायम दाबलेले राहील अशी युक्ती करतात. अशा वेळी विहिरीत फूटव्हॉल्व्ह साफ करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मोटार अकस्मात सुरू होईल, याचा विचार कोण करतो?

गेल्या उन्हाळ्यात एका गावी उसाला पाणी देत असता मोटार जळाली. स्टार्टर चांगला होता, मग असे का व्हावे, असा मालकाचा प्रश्न होता. उत्तर झाकणामागील आकृतीतच होते. गुंडाळी तीनपैकी दोनच तारांवर बसविलेली असते. डीपीवरील तिसऱ्या तारेचा फ्यूज उडाला, त्याचा तिला पत्ताच लागला नाही. चालती मोटार उरलेल्या दोन तारांतून जादा प्रवाह ओढीत तापत राहिली. अशा वेळी स्टार्टर सोडविणाऱ्या अतिभार रिलेची चकती मालकाने शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली होती. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपिअर घेते. रिले मोटारीवरील पाटीवर लिहिलेल्या प्रवाहाप्रमाणेच लावावा, तसेच एक तार गेल्यास मोटार थांबविणारे संरक्षक उपकरण बसवून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या विहिरीवर शेतकऱ्यांस जमवावे, मुख्य स्विच बंद करून स्टार्टरचे झाकण वायरमनकडून उघडवावे व आकृती वाचून दाखवावी. त्यास अर्धा तास पुरे. शेतकरी बंधूंनी दुरुस्ती स्वतः करावी, असा याचा अर्थ नव्हे. परंतु कोठे हात लावू नये व वायरमनला काय विचारावे, एवढे कळले तरी मोटार वाचेल आणि माणूसही वाचेल.