विहिरीच्या भिंतीतली गोष्ट

विहिरीत डोकवायचं तर ऊन डोक्यावर आल्यावर यावं, तेव्हा उजेड थेट आत उतरतो. कठड्याला पोट टेकून उभे राहा, आणि पाण्याकडे बघत बसू नका. बघायची ती भिंत.

वर हातभर काळी माती. खाली पिवळट मुरूम, कुदळीने निघेल असा. मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. मग काळा पाषाण, ज्याला पूर्वी सुरुंग लावल्याशिवाय विहीर पुढे सरकत नसे. आणि त्या पाषाणाच्या पायथ्याशी ती आडवी विटकरी रेघ दिसली का? तिच्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. म्हणजे एक गोष्ट संपली आणि तिच्या आधीची लागली. खडकात गोष्टी उलट्या वाचायच्या असतात, खालची आधी घडलेली.

हे सगळं एकदा पातळ होतं, पोरांनो. वाहत होतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला भारत आज आहे तिथे नव्हताच, विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात होता आणि उत्तरेकडे सरकत होता. ज्या तप्त जागेवरून तो गेला, ती आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. तुम्ही चित्रात काढता तसा टोकदार डोंगर मात्र आपल्याकडे फारसा नव्हता. जमिनीलाच लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एकावर एक, एकावर एक. आज उरलाय तेवढाच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. महाबळेश्वराच्या बाजूला थरांची जाडी दीड-दोन किलोमीटर, आणि पूर्वेला जाता जाता नागपूरजवळ तो संपतो. पावसात वरंध घाटातून जाताना धबधबे टप्प्याटप्प्याने उड्या घेतात ना? कडा म्हणजे टणक पाषाण, आणि मधला टप्पा म्हणजे झिजलेला मऊ थर.

आता मांजऱ्याची गंमत. लाव्ह्यात वाफ आणि वायू कोंडलेले असतात. ते वर निघतात, पण तोवर वरची बाजू निवायला लागलेली असते, म्हणून बुडबुडे तिथेच अडकतात. घावनाला जाळी पडते ना, तशी खडकाला पडते. पुढे लाखो वर्षं त्या भोकांतून खनिजांचं पाणी झिरपतं आणि आत हळूहळू स्फटिक वाढतात. ते पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक झिओलाइट, कुठे गारगोटी, कुठे कॅल्साइट. भोक मोठं असेल तर आत हिरवा अपोफिलाइट सापडतो. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचं खनिज मिळालं, असं निळंशार की कुणी रंगवलंय वाटावं. जगभरच्या संग्रहालयांत ते आज दिमाखाने बसलंय, आणि आपण त्याच खडकाची खडी करून रस्त्यावर टाकतो. असो.

बुडबुडे आले म्हणजे पाणी आलं, असं मात्र समजू नका. भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, आणि खनिजांनी भरली की त्यांत काहीच मावत नाही. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि भेगांत. भेगा का पडतात? लाव्हा निवताना आकसतो. सावकाश, एकसारखा निवला तर पाच-सहा कोनांचे खांब उभे राहतात. अंधेरीला गिल्बर्ट हिलवर असेच काळे खांब आहेत आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. उलट जिथे भेगच नाही असा सलग पाषाण पाणी आत घेत नाही, पण धरून ठेवतो. गडांवरची खोदीव टाकी उन्हाळ्यातही भरलेली असतात ती त्याच्याच जोरावर. महाराष्ट्राचा पाचातला चार हिस्सा या खडकावर बसलाय, तेव्हा आपल्या विहिरींचं नशीब त्या लाव्ह्याने कधीच ठरवून टाकलंय. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतभर फिरतो, फिरू दे बापडा. मी मात्र आधी शेजाऱ्याच्या विहिरीची भिंत बघतो.

धाकटीला केव्हाचं विचारायचंय, तेव्हा डायनासोर होते का? होते ना. लाव्ह्याच्या खालच्या खडकात, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला, त्यांची हाडं सापडली आहेत. पण मला त्यांच्यापेक्षा वरळीचा बेडूक आवडतो. हो, मुंबईतली वरळी! लाव्ह्याचा एक लोट येऊन गेला की दुसरा लगेच येत नसे. मधल्या काळात तळी साचत, झाडं वाढत, बेडूक नांदत. वरळीला अशाच एका तळ्याच्या गाळात बोटाएवढे बेडूक दगड होऊन राहिले. 1847 साली इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. डायनासोर हे नाव ठेवणारे ते हेच.

आपल्या विहिरीत तळं नाही, पण ती विटकरी रेघ त्याच विसाव्याची खूण आहे. खालचा लोट निवला, उघडा पडला, ऊनपावसाने त्याच्या माथ्याची माती झाली, मातीतलं लोखंड गंजून तांबडं झालं. मग नवा लाव्हा आला आणि ती तशीच खाली गाडली गेली.

उद्या बांधावर बोअरची गाडी येईल. धुरळा उडेल, तेव्हा नाकाला फडकं बांधा आणि गाडीपासून लांब उभे राहा. आधी मुरमाची पिवळट भुकटी येईल, मग पाषाणाची राखाडी. एकदम लाल भुकटी आली की बोअरवाला कपाळाला आठ्या घालेल, कारण तो थर ढासळतो, भोक बुजतं आणि केसिंगचा पाइप वाढवावा लागतो. खर्च वाढणार म्हणून मीही कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नका. दर दहा फुटांना मूठभर भुकटी मागून घ्या, कागदाच्या पुडीत बांधा आणि वर खोली लिहा. थोरल्या, लिहायचं काम तुझं. धाकटे, लाल पुड्या वेगळ्या डब्यात ठेव, त्या चिमूटभर मातीवर शेवटचं ऊन पडलं होतं ते कोट्यवधी वर्षांपूर्वी.