समजून घ्या : स्वतःवर रेकी केल्याने रोजचा ताण हलका होतो का?

रात्रीचे साडेदहा वाजलेले. जेवणे झाली, ओटा आवरला, मुले झोपली. तरी डोक्यात ऑफिसच्या ग्रुपवरचा शेवटचा मेसेज, पाच तारखेचा हप्ता आणि उद्याची ७.४२ची लोकल फिरतच असते. खांदे ताठ, जबडा आवळलेला, झोपेचा पत्ता नाही. अशा वेळी मोबाइलवर एखादा व्हिडीओ समोर येतो : ‘स्वतःवर रेकी करा, दहा मिनिटांत मन शांत.’ नुसते हात ठेवून ताण कमी होतो का? त्यासाठी दीक्षा घ्यावी लागते का? आणि कुठे थांबून डॉक्टरांकडे जायचे? या प्रश्नांची उत्तरे समजून घेऊ.

रेकी म्हणजे नेमके काय?

रेकी हा जपानी शब्द आहे. त्यातील ‘रे’चा अर्थ साधारणपणे दैवी किंवा विश्वव्यापी, तर ‘की’ म्हणजे प्राणशक्ती. आपल्याकडचा ‘प्राण’ आणि चीनमधील ‘ची’ यांच्या जवळची ही कल्पना. ही शक्ती तळहातांतून वाहते आणि शरीरावर किंवा शरीराच्या किंचित वर हात स्थिर धरले की ती जिथे गरज असेल तिथे पोहोचते, अशी रेकी करणाऱ्यांची धारणा आहे. यात मालिश नाही, दाब देणे नाही, औषधही नाही. दुसऱ्याकडून रेकी घेता येते आणि स्वतःवरही करता येते. पहिल्या पायरीच्या शिक्षणात तर स्वतःवरील सरावालाच सर्वाधिक महत्त्व दिले जाते.

ही पद्धत आली कुठून?

मिकाओ उसुई (१८६५–१९२६) हे रेकीचे प्रवर्तक. क्योतोजवळच्या कुरामा पर्वतावर २१ दिवस उपवास आणि ध्यान केल्यावर त्यांना ही अनुभूती झाली, असे परंपरा सांगते. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत ही पद्धत शिकवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, टोकियो आणि योकोहामा भूकंपाने उद्ध्वस्त झाले. एक लाखाहून अधिक माणसे दगावली. त्या काळात उसुईंनी अनेक पीडितांवर उपचार केले, असा उल्लेख त्यांच्या टोकियोतील स्मृतिशिलेवर आहे.

उसुईंचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातील निवृत्त अधिकारी. त्यांनी टोकियोत रेकीचे उपचार केंद्र चालवले. हवाई बेटांवर जन्मलेल्या जपानी वंशाच्या हवायो टकाटा १९३५ मध्ये आजारपणात तिथे पोहोचल्या, बऱ्या झाल्यावर स्वतः शिकल्या आणि ही पद्धत हवाईला घेऊन गेल्या. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यांनी २२ ‘मास्टर’ तयार केले होते. जगभर पसरलेली आजची रेकी बव्हंशी या साखळीतून आली. भारतातील शहरांत ती १९९०च्या दशकात रुजली. ‘हे चक्र, ते चक्र’ अशी जी मांडणी आज वर्गांत ऐकू येते, ती मूळ जपानी पद्धतीत नव्हती. ती नंतर जोडली गेली.

फक्त हात ठेवायचे, की आणखी काही?

उसुईंच्या शिकवणीत हातांइतकेच महत्त्व पाच नियमांना होते. त्यांचा आशय असा : आजच्या दिवसापुरते रागावू नका, काळजी करू नका, कृतज्ञ राहा, आपले काम मन लावून करा, सर्वांशी प्रेमाने वागा. यातील ‘आजच्या दिवसापुरते’ हे शब्द ताणाच्या संदर्भात मोलाचे आहेत. जन्मभर चिडायचे नाही, असा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही. आजच्यापुरते मात्र जमू शकते.

विज्ञान काय सांगते?

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हातातून ऊर्जा वाहते का, हा पहिला. केल्यावर बरे वाटते का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : अशी ऊर्जा अस्तित्वात असल्याचा वैज्ञानिक पुरावा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे पूरक उपचारांचा अभ्यास करणारे केंद्रही हेच सांगते. रेकी कोणत्याही आजारावर उपयोगी असल्याचे स्पष्टपणे सिद्ध झालेले नाही, मात्र तिचे थेट दुष्परिणामही आढळलेले नाहीत, अशी त्या केंद्राची भूमिका आहे. रेकीशी साधर्म्य असलेल्या ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीची एक चाचणी १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रयोग केला होता एमिली रोझा या शाळकरी मुलीने. पडद्याआड बसलेल्या २१ उपचारकांना, मुलीचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढेच ऊर्जेवरून ओळखायचे होते. २८० वेळा विचारले गेले, बरोबर उत्तरे आली ४४ टक्के. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढे सरळ नाही. अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांवरील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला रेकी दिली, दुसऱ्या गटाला लुटुपुटीची रेकी, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या व्यक्तीने तसेच हात ठेवणे, आणि तिसऱ्या गटाला नेहमीची शुश्रूषा. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा अधिक आराम वाटला. पण खरी आणि लुटुपुटीची यांत फरक दिसला नाही. २०१७ मधील एका आढाव्यात १३ पैकी ८ अभ्यासांत रेकी लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरल्याचे म्हटले आहे. उलट, चिंता आणि नैराश्यावरील रेकीचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेला २०१५ मध्ये जेमतेम तीन अभ्यास आणि १२४ सहभागी सापडले. त्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असे तिने नमूद केले.

मग शांत वाटते ते कशामुळे?

याचे उत्तर रेकीच्या वर्गाबाहेर झालेल्या संशोधनात मिळते. जर्मनीत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५९ जणांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणिते करायला लावून मुद्दाम ताण दिला गेला. त्याआधी काहींना मिठी मारली गेली, तर काहींनी २० सेकंद स्वतःचा एक हात छातीवर आणि दुसरा पोटावर ठेवला. या दोन्ही गटांत कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी इतरांपेक्षा कमी राहिली. हृदयाच्या ठोक्यांत मात्र फरक पडला नाही. तिथे कुणाला रेकी शिकवलेली नव्हती. होता तो आपलाच हात.

दुसरा धागा श्वासाचा. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या २३ जणांवरील अभ्यासात ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र आणि लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ होतो आणि हृदय व रक्तदाबाची लय सुधारते, असे दिसले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, परिणाम एकच. तळहाताखाली पोट वर-खाली होताना जाणवू लागले की श्वास आपोआप लांबतो.

राहिला हातांचा ऊबदारपणा. ताणात हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हात गार पडतात. सैलावल्यावर त्या रुंदावतात आणि हात गरम होतात. त्यात शरीराच्या दोन भागांची ऊब एकत्र अडकते. ‘ऊर्जा वाहते आहे’ असे जे वाटते, त्यामागे हे साधे शरीरशास्त्र असू शकते. आणि शेवटची गोष्ट : दिवसभरात दहा-पंधरा मिनिटे मोबाइल हातात नसतो. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो घेताच येत नाही.

घरी कसे करावे?

पूर्ण सत्रात डोक्यापासून ओटीपोटापर्यंत साधारण १२ ठिकाणी प्रत्येकी तीन ते पाच मिनिटे हात ठेवतात. म्हणजे जवळपास तासभर लागतो. रोजच्या धावपळीत एवढा वेळ मिळणे अवघड. चार ठिकाणांचा १२ मिनिटांचा सराव पुरेसा आहे.

१. मोबाइल सायलेंटवर टाकून हाताच्या अंतरापलीकडे ठेवावा. खुर्चीत पाठ टेकून बसावे किंवा अंथरुणावर उताणे पडावे. चश्मा काढावा.

२. तळहात एकमेकांवर चोळून कोमट करावेत आणि बंद डोळ्यांवर अलगद ठेवावेत. डोळ्यांवर दाब नको. जबडा सैल सोडावा. तीन मिनिटे.

३. हात डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या भागावर न्यावेत. खांदे दुखत असतील तर कोपरांखाली उशी घ्यावी. तीन मिनिटे.

४. एक हात छातीच्या मध्यावर, दुसरा बरगड्यांच्या खाली. श्वास चारपर्यंत मोजत घ्यावा, सहापर्यंत मोजत सोडावा. तीन मिनिटे.

५. दोन्ही हात बेंबीच्या खाली ठेवावेत. मोजणे थांबवून फक्त पोटाची हालचाल जाणवू द्यावी. तीन मिनिटे. मग डोळे उघडून सावकाश उठावे.

मन भटकणारच. हप्ता आठवेल, भाजी आणायची राहिली हे आठवेल. आठवले की लक्ष पुन्हा हाताखालच्या स्पर्शाकडे आणावे. वेळ रोज एकच ठेवली तर सवय लागते. झोपण्यापूर्वीची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. करता करता झोप लागली तर बिघडत नाही. बैठकीपूर्वी किंवा घरातल्या वादावादीनंतर एवढाही वेळ नसेल, तर छाती आणि पोटावर हात ठेवून २० सेकंद बसणेही उपयोगी पडू शकते.

दीक्षा घ्यावीच लागते का?

रेकीच्या परंपरेनुसार, गुरूने दीक्षा दिल्याशिवाय ऊर्जेचा मार्ग खुला होत नाही. टकाटा यांच्या काळात मास्टरपदाच्या दीक्षेचे शुल्क १० हजार डॉलर होते. आज हे शुल्क शिक्षकागणिक बदलते आणि ऑनलाइन दीक्षाही दिल्या जातात. ज्यांना परंपरेचा भाग व्हायचे आहे, गटात बसून शिकण्याने ज्यांना हुरूप येतो, त्यांनी खिसा पाहून वर्ग लावायला हरकत नाही. पण ताण हलका करणे एवढाच हेतू असेल, तर स्पर्श, श्वास आणि स्वस्थता या तिन्ही गोष्टी दीक्षेवाचून मिळतात. लुटुपुटीच्या रेकीनेही तेवढाच आराम मिळाला, हा २०११ मधील निष्कर्ष इथे लक्षात ठेवावा.

सावध कुठे राहावे?

रेकी ही ‘आयुष’ मंत्रालयाच्या मान्यताप्राप्त उपचारपद्धतींमध्ये मोडत नाही. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब, फेफरे अशा आजारांवर हमखास उपायाच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. ‘तुमची ऊर्जा अडकली आहे, आणखी पाच सत्रे लागतील’ असे घाबरवून पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठावे. खरा धोका हात ठेवण्यात नाही. हात ठेवले म्हणून गोळी बंद करण्यात आहे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड किंवा मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत किंवा कमी करू नयेत.

छातीत दुखणे, दम लागणे, डाव्या हातात कळ येणे, अचानक घाम फुटणे याला ‘टेन्शन’ समजून हात ठेवून बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे. डोळे मिटून बसल्यावर काहींना जुन्या धक्क्याच्या आठवणी येऊन घाबरल्यासारखे होते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा सराव सोडून थोडे चालून यावे. उदासी, झोप न लागणे, कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल तर क्षणाचाही विलंब न करता घरच्यांशी बोलावे आणि केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.

ताणाचे कारण तसेच राहिले तर?

बारा मिनिटांच्या सरावाने कर्जाचा हप्ता कमी होत नाही, बॉसचा स्वभाव बदलत नाही, आजारी सासऱ्यांची सेवा एकट्या सुनेच्या अंगावरून उतरत नाही. शरीरात वाजत राहिलेली धोक्याची घंटा मात्र काही काळ थांबते. ती थांबली की बँकेत हप्त्याची मुदत वाढवून मागणे, ऑफिसात ‘सुट्टीच्या दिवशी फोन नको’ असे सांगणे, घरात कामाची वाटणी करा म्हणणे, हे शांत डोक्याने बोलता येते. ते बोलणे टाळून रोज फक्त हात ठेवत राहिले, तर ताण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर असतो. म्हणून डोळे उघडल्यावर उद्या करायच्या एका छोट्या गोष्टीची कागदावर नोंद करावी आणि मगच दिवा मालवावा.